चिपी विमानतळाचा रस्ता, एसटी, रिक्षा आणि रेल्वे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कुडाळचा. चिपीला विमान उतरायला लागलं तेव्हापासून लग्नात, बाजारात, एसटी स्थानकावर माणसं मला एकच विषय काढून थांबवतात: उतरल्यावर घरी कसं पोचायचं? मुंबई-पुण्याचे नातेवाईक फोन करतात, परुळ्या-म्हापणचे शेतकरी जमिनीबद्दल विचारतात, रिक्षावाले त्यांची बाजू मांडतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विमानांच्या वेळा आणि तिकिटांचे दर मुद्दाम दिलेले नाहीत, कारण ते सतत बदलतात. एक मत मात्र सगळ्या उत्तरांमागे आहे आणि ते आधीच सांगतो. चिपीला आज सर्वांत जास्त गरज आहे ती विमानाच्या वेळेला येणाऱ्या एका एसटीची. चौपदरी रस्त्याची मागणी त्यानंतर करू.

१. चिपी विमानतळ नेमका कुठे आहे? कोणी मालवण म्हणतं, कोणी कुडाळ, कोणी वेंगुर्ले.

तालुका वेंगुर्ले. परुळे गावाजवळच्या चिपीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या मोकळ्या पठारावर, २,५०० मीटरची धावपट्टी आहे. उत्तरेला कर्ली नदी आहे आणि नदीपलीकडे मालवण तालुका. रेल्वे आणि मुंबई-गोवा महामार्ग पूर्वेला कुडाळच्या बाजूनं जातात. त्यामुळे पत्त्याला वेंगुर्ले, पर्यटकांना मालवण आणि गाडी पकडायला कुडाळ, असं तिन्ही तालुक्यांचं नाव लागतं. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या जमिनीवर आयआरबी कंपनीनं विमानतळ उभारला. ९ ऑक्टोबर २०२१ ला उद्घाटन झालं आणि त्याच दिवशी मुंबईहून अलायन्स एअरचं एटीआर विमान उतरलं.

२. कुठल्या गावाहून किती वेळ धरून निघायचं?

कुडाळहून पिंगुळी, पाट, परुळे असा रस्ता आहे, वीस-पंचवीस किलोमीटरचा. स्वतःच्या गाडीनं पाऊण तास धरा. रस्ता गावांमधून जातो. सकाळी शाळेची पोरं असतात, संध्याकाळी गुरं परत येत असतात, त्यामुळे वेगाचा हिशेब धरू नका. वेंगुर्ल्याहून म्हापणमार्गे तासाच्या आत पोचता येतं. सावंतवाडीहून सव्वा तास आणि कणकवलीहून दीड तास हातात असू द्या.

मालवणकरांनी नकाशातल्या सरळ रेषेवर विसंबू नये. सरळ रेषेत अंतर दहा किलोमीटरच्या आत आहे, पण मध्ये कर्ली आहे. चौके-धामापूरच्या बाजूनं येऊन नेरूरपारला नदी ओलांडायची आणि मग वालावलकडून परुळ्याकडे वळायचं. तासभर धरा. पुलाबद्दल प्र. ११ पाहा.

विमान कंपन्यांची चेक-इन खिडकी उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होते. तो तास वरच्या वेळेत वेगळा मिळवायचा.

३. चिपीक जावक थेट एसटी आसा काय?

निघायच्या आदल्या दिवशी कुडाळ किंवा वेंगुर्ले आगारात विचारा आणि विचारताना "विमानतळापर्यंत जाते की परुळ्यापर्यंत?" असं स्पष्ट विचारा. या दोन्हींत खूप फरक आहे. परुळे, म्हापण, भोगवे अशा पाट्यांच्या गाड्या गावाच्या वेळेनं चालतात. शाळा भरायची वेळ, बाजाराची वेळ, रात्रीची वस्तीची गाडी. त्या परुळ्यात सोडतात. तिथून सडा चढून टर्मिनलपर्यंतचा शेवटचा तुकडा बॅगा घेऊन चालण्यासारखा नाही. जूनमध्ये तर नाहीच.

२०२३ च्या जूनमध्ये माझी मावशी मुंबईहून एकटी आली. तिला आणायला मी निघालो आणि पाटच्या तलावाजवळ आमचीच गाडी बंद पडली. पाऊस असा की समोरचा माणूस दिसेना. मावशी टर्मिनलच्या छपराखाली आपल्या सुटकेसवर बसली होती. सोबतच्या सगळ्यांना घ्यायला कोणी ना कोणी आलं होतं आणि बघता बघता आवार रिकामं झालं. पहाऱ्यावरच्या जवानानं तिला खुर्ची आणून दिली. एका रिक्षावाल्यानं कुडाळचे आठशे सांगितले, ती थांबते म्हणाली. शेवटी परुळ्याच्या एका गृहस्थांनी तिला आपल्या गाडीतून तिठ्यापर्यंत आणलं. तिथे ती उतरत असतानाच कुडाळची लाल गाडी तिच्यासमोरून गेली. दहा मिनिटांचा फरक. ती गाडी दहा मिनिटं उशिरा सुटली असती आणि सड्यापर्यंत वर आली असती, तर हे पान लिहायची वेळ आली नसती.

४. उतरल्यावर रिक्षा-टॅक्सी मिळते का? भाडं किती द्यायचं?

विमानाच्या वेळेला गाड्या येतात, पण किती येतील याचा भरवसा नसतो. त्यामुळे गाडी आधी ठरवून ठेवणं शहाणपणाचं. ज्यांच्याकडे राहणार आहात त्यांनाच सांगा. मालवण, तारकर्ली, वेंगुर्ल्यातल्या बहुतेक निवास-न्याहारीवाल्यांचे ठरलेले गाडीवाले असतात.

भाडं बसण्याआधी बोलून घ्या. परतीचं रिकामं भाडं धरलंय का, तेही विचारा. रिक्षा-टॅक्सीचे अधिकृत दर प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवतं आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. ठरावीक ठिकाणांचे मंजूर दर टर्मिनलच्या दारात मोठ्या अक्षरांत लावले, तर घासाघीस निम्म्यानं कमी होईल. ही मागणी बिनखर्चाची आहे, एका फलकाची.

एक धोक्याची सूचना. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं घेऊ नका. अपघात झाला तर विम्याची कंपनी भाड्याच्या प्रवाशाची भरपाई नाकारू शकते. भाड्याच्या गाडीची नंबरपाटी पिवळी असते, ती बघूनच बसा.

५. विमानातून उतरून रेल्वे पकडायची आहे. "सिंधुदुर्ग" स्टेशनचं तिकीट काढू ना?

इथे खूप जण फसतात. विमानाच्या तिकिटावर "सिंधुदुर्ग" म्हणजे चिपी. रेल्वेच्या तिकिटावर "सिंधुदुर्ग" म्हणजे ओरोसजवळचं, जिल्हा मुख्यालयाचं स्टेशन. आणि सिंधुदुर्ग किल्ला मालवणच्या समुद्रात. एकाच नावाची तीन ठिकाणं, तिन्ही एकमेकांपासून लांब. विमानतळासाठी सोयीचं स्टेशन कुडाळ. कोकणकन्या, मांडवी, तुतारी या गाड्या तिथे थांबतात.

कुडाळचं रेल्वे स्थानक आणि एसटी स्थानक एकमेकांना लागून नाहीत, मध्ये रिक्षा करावी लागते. विमान आणि रेल्वे यांच्यात निदान तीन तास मोकळे ठेवा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात, तेव्हा आणखी जास्त.

६. दिवसाला मोजकी विमानं. तेवढ्यासाठी रस्ता आणि बस कशाला? आधी विमानं वाढू देत.

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे आणि त्याचं उत्तर मला मनापासून द्यायचं आहे.

चिपीची सेवा केंद्र सरकारच्या उडान योजनेतून, म्हणजे लहान शहरं विमानानं जोडण्याच्या योजनेतून, सुरू झाली. या योजनेत विमान कंपनीला तोटा भरून काढण्यासाठी व्यवहार्यता तफावत निधी मिळतो, पण तीन वर्षंच. त्या तीन वर्षांत लोकांना विमानाची सवय लागावी आणि नंतर मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहावा, अशी कल्पना आहे. चिपीची तीन वर्षं ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली आणि अलायन्स एअरची मुंबई सेवा त्याच महिन्यात थांबली. त्याआधी ऑगस्टअखेर फ्लाय ९१ या विमान कंपनीनं पुणे जोडलं होतं, म्हणून धावपट्टी ओस पडली नाही.

सेवा थांबायला अनेक कारणं असतात आणि सगळा दोष रस्त्यावर ढकलणं बरोबर नाही. पण प्रवाशाच्या बाजूनं हिशेब करून बघा. मुंबईहून विमानाला सव्वा तास. पुढे गाडी शोधायला अर्धा तास, कुडाळला पोचायला पाऊण तास आणि खिशाला आठशे-हजार. चार जणांच्या कुटुंबाला हे परवडतं, कारण गाडी वाटून घेतली जाते. एकट्या माणसाला ते जड जातं. आणि वर्षभर विमान भरतं ते एकट्या माणसांवर: दवाखान्याला निघालेला, न्यायालयाच्या तारखेला आलेला, दोन दिवसांच्या रजेवर घरी येणारा. तो एकदा येतो, वैतागतो आणि पुढच्या वेळी रात्रीची रेल्वे पकडतो. विमानं वाढल्यावर बस द्यायची म्हटलं, तर हा माणूस तोवर थांबत नाही.

७. विमानाच्या वेळेची एसटी तोट्यात जाईल, महामंडळ कसं देणार?

नवी गाडी मागितली तर तोट्यात जाईल, हे मलाही मान्य आहे. म्हणून मागणी वेगळी असायला हवी: परुळ्यापर्यंत येणारी फेरी टर्मिनलपर्यंत वाढवा आणि तिची वेळ विमानाशी जुळवा.

एटीआरमध्ये साधारण ७० आसनं. समजा ५० प्रवासी उतरले आणि त्यांतल्या निम्म्यांना घ्यायला घरचं कोणी आलं. उरले २५. तेवढेच जायला येणारे. एसटीत ४०-४५ आसनं असतात. म्हणजे गाडी अर्ध्याहून जास्त भरते, आणि वाटेतले पाट-पिंगुळीचे प्रवासी वेगळे. कोणाची वाट बघत रिकामी उभी राहणारी ही गाडी होणार नाही. गावाला हवीच असलेली गाडी थोडी लांब जाईल, इतकंच. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यानं लागतं. वाढीव तुकडा एका टप्प्याच्या आसपासचा आहे, त्यामुळे डिझेलचा भार नाममात्र.

भारमान, म्हणजे गाडी किती भरते ते, मोजताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पहिल्या महिन्यात गाडी रिकामी दिसेल, कारण ती आहे हेच कोणाला माहीत नसेल. निदान सहा महिने न तोडता चालवली तरच खरा आकडा कळेल. पंधरा दिवस चालवून "प्रतिसाद नाही" असा शेरा मारला, तर प्रवाशाला प्रतिसाद द्यायला वेळच मिळत नाही.

सवलतीही धरा. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं भाडं, ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत. विमानानं येणाऱ्या आजीला घरी पोचायला शून्य रुपये लागतील.

८. विमानाची वेळ सारखी बदलते, उशीरही होतो. एसटी कशी जुळणार?

वेळापत्रक मनाला येईल तसं बदलत नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी वेळापत्रक लागू होतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. विमानतळाकडून आगाराला फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात पत्र गेलं, तर नव्या वेळा फलकावर लावायला पुरेसे दिवस मिळतात.

रोजच्या उशिराचं वेगळं आहे. चालक-वाहकाच्या कामाच्या तासांना मर्यादा असते, त्यांना अमर्याद थांबवून चालणार नाही. यावर साधा तोडगा आहे. गाडी "विमान उतरल्यावर चाळीस मिनिटांनी" सुटेल आणि जास्तीत जास्त तासभर थांबेल, असं लिहून ठरवायचं. विमान त्याहून उशिरा असेल तर टर्मिनलमधून आगाराच्या वाहतूक नियंत्रकाला फोन जायचा आणि पुढची फेरी वर वळवायची. यासाठी नवं यंत्र नको, दोन माणसांकडे एकमेकांचे नंबर हवेत.

९. रस्ता खराब आहे. तक्रार नेमकी कोणाकडे करायची? सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

आधी रस्ता कोणाचा ते ओळखा. राष्ट्रीय महामार्गाच्या किलोमीटरच्या दगडाचं डोकं पिवळं असतं, राज्य मार्गाचं हिरवं, ग्रामसडक योजनेच्या रस्त्याचं नारिंगी. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. विमानतळाच्या फाटकाच्या आतला रस्ता विमानतळ चालवणाऱ्यांकडे.

तुमच्या एकाच प्रवासात हे सगळे मालक येऊन जातात. कुडाळला महामार्ग, पुढे बांधकाम खातं, मधल्या वाडीचा जोडरस्ता जिल्हा परिषदेचा. म्हणून "कुडाळ-चिपी रस्ता खराब" असा अर्ज फिरत राहतो. "अमुक गावातल्या मोरीपासून अमुक मंदिरापर्यंत" असं लिहा, शक्य असेल तर किलोमीटरच्या दगडासकट फोटो जोडा, आणि ज्याचा तुकडा त्याच्याच टेबलावर द्या. आपले सरकार संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. तिथला नोंदणी क्रमांक जपून ठेवा.

१०. खड्डे बुजवतात, पहिल्या पावसात पुन्हा पडतात. यावर काही उपाय?

आहे, आणि तो आपण फार कमी वापरतो. रस्त्याच्या नव्या कामाला दोष दायित्व कालावधी असतो. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो. कामाच्या जागी लावलेल्या फलकावर हा कालावधी लिहिलेला असतो. काम सुरू असतानाच त्या फलकाचा फोटो काढून ठेवा, कारण काम संपल्यावर फलक दिसेनासा होतो.

फलक नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. तीन गोष्टी मागा: कार्यारंभ आदेश, काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि दोष दायित्वाची अंतिम तारीख.

आमच्या भागातल्या खड्ड्यांचं मूळ बहुतेक वेळा पाण्यात असतं. सड्यावरचं पाणी धो धो खाली येतं. कडेचं गटार मातीनं बुजलेलं असेल तर तेच पाणी डांबरावरून वाहतं. उतारावर गटार आणि मोऱ्या मे महिन्यात साफ झाल्या, तर ऑगस्टात निम्मे खड्डे दिसणार नाहीत. ग्रामसभेत एप्रिलमध्येच हा विषय घ्या.

११. तारकर्लीतून विमान उतरताना दिसतं. मग कर्लीवर मुखाजवळ पूल का नाही? निदान होडी तरी?

मालवणकरांचं हे दुखणं खरं आहे. देवबाग-तारकर्लीच्या वाळूत उभं राहिलं की विमान डोक्यावरून पलीकडच्या सड्यावर टेकताना दिसतं, आणि त्याच विमानातल्या पाहुण्याला तुमच्या दारात यायला तास लागतो.

पूल सोपा नाही. नदीच्या मुखाशी वाळू सरकत असते, त्यामुळे पाया खोल न्यावा लागतो. मासेमारीच्या होड्या खालून जायला हव्यात, म्हणून उंची लागते आणि उंचीमुळे जोडरस्ते लांबतात. देवबाग ही समुद्र आणि नदी यांच्यामधली चिंचोळी पट्टी आहे, तिथे जोडरस्त्याला जागाच कमी. वर किनारा नियमन क्षेत्राची परवानगी. रेवस ते रेडी सागरी महामार्ग किनाऱ्यानं जायचा आहे आणि तो राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहे. मालवण-वेंगुर्ले जोडणीचा प्रश्न त्याच्याशी बांधूनच मांडायला हवा, सुट्या पुलाची मागणी मागे पडते.

होडीचं मला आशादायक वाटतं. कर्लीत पर्यटकांच्या होड्या फिरतातच. पावसाळ्यात जलवाहतूक बंद असते, पण ऑक्टोबर ते मे हा पर्यटनाचा हंगाम पूर्ण मिळतो. त्यासाठी सागरी मंडळाची परवानगी, दोन्ही काठांवर ओहोटीतही लागेल असा धक्का, जीवरक्षक जाकिटं आणि धक्क्यापासून टर्मिनलपर्यंत गाडी, एवढं जमलं पाहिजे. शेवटची गोष्ट नसेल तर होडीचा उपयोग नाही.

१२. रुंदीकरणात माझा गडगा (दगडी कुंपण) आणि चार कलमं जाणार म्हणतात. विरोध करू की नको?

आधी मोजणी समजून घ्या. कित्येक ठिकाणी गडगा मुळातच रस्त्याच्या हद्दीत बांधलेला असतो, कित्येक ठिकाणी उलट असतं आणि रस्ताच कोणाच्या तरी कुणग्यातून, म्हणजे भातशेतातून, गेलेला असतो. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी हातात आल्याशिवाय कुठल्याही संमतिपत्रावर सही करू नका.

जमीन खरोखर तुमची असेल, तर २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं बाजारभावावर आधारित मोबदला आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. हापूसचं कलम, काजू, विहीर, जांभ्याचा गडगा यांचं मूल्यांकन वेगळं होतं. झाडाचं वय आणि उत्पन्न नोंदवून घ्या. २५ वर्षांचं फळतं कलम आणि कालचं रोप एकाच दरात मोजलं जाता कामा नये. सातबाऱ्यावर झाडांची नोंद नसेल तर तलाठ्याकडे आजच अर्ज द्या. आमच्याकडे एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं असतात आणि निम्मे मुंबईत. वारस नोंदी आधी लावा, नाहीतर रक्कम वर्षानुवर्षं अडकते.

माझं मत: सगळा रस्ता एकदम चौपदरी करायला मी आग्रह धरणार नाही. वळणं सरळ करणं, अरुंद मोऱ्या रुंद करणं आणि समोरून आलेल्या एसटीला जागा देता येईल इतक्या भक्कम साइडपट्ट्या करणं, यात कलमं कमी जातात आणि वेळ जवळजवळ तेवढाच वाचतो.

१३. विमानतळ कंपनीनं बांधला. मग रस्त्याचा आणि बसचा खर्च कंपनीनं का नाही करायचा?

फाटकाच्या आत कंपनीची जबाबदारी. बाहेरची राज्य शासनाची. ही माझी समजूत म्हणून सांगत नाही. उडान योजनेत सहभागी होताना राज्यांनी ज्या गोष्टी मान्य केल्या, त्यांत इंधनावरचा मूल्यवर्धित कर १ टक्क्यावर आणणं, पोलीस आणि अग्निशमन सेवा विनामूल्य देणं, व्यवहार्यता तफावत निधीतला २० टक्के वाटा उचलणं आणि गरजेनुसार विमानतळाला रस्ता, रेल्वे यांसारख्या साधनांनी जोडून देणं, हे सगळं आहे. पहिल्या गोष्टींवर चर्चा होते, शेवटची राहून जाते. अर्ज लिहिताना तिचा उल्लेख जरूर करा (प्र. १९).

१४. आम्ही सावंतवाडी-बांद्याचे. चिपी बरं की मोपा?

अंतर बघितलं तर मोपा. मोपा म्हणजे गोव्याचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, तो ५ जानेवारी २०२३ ला सुरू झाला. बांदा, दोडामार्ग, सावंतवाडीला तो चिपीपेक्षा जवळ आहे आणि विमानंही जास्त. तिथे कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बस महामंडळाच्या, विजेवर चालणाऱ्या बस टर्मिनलवरून सुटतात, २०२४ मध्ये महामार्गापासूनचा सहापदरी जोडरस्ताही झाला. कदंबच्या बस गोव्यातल्या गावांना जातात, हे लक्षात ठेवा. कुडाळ, वेंगुर्ले, मालवणला जायचं आणि विमान असेल, तर चिपीच सोयीचं.

१५. मोपाला सिंधुदुर्गातली टॅक्सी बोलावली तर चालते का?

पर्यटक परवान्याची, पिवळ्या पाटीची गाडी आधी ठरवून तुम्हाला आणायला येत असेल आणि प्रवास सिंधुदुर्गात संपत असेल, तर चालतं. एमएच-०७ ची, म्हणजे सिंधुदुर्गची, गाडी मोपाला उभी राहून गोव्यातल्या गोव्यात भाडं मारू शकत नाही, आणि वाद होतात ते यावरूनच. ठरवल्याचा संदेश आणि पत्ता मोबाइलवर तयार ठेवा.

१६. पावसामुळे विमान दुसरीकडे उतरवलं तर घरी कसं यायचं?

जून ते सप्टेंबर सड्यावर ढग अगदी खाली येतात, असं होऊ शकतं. तुमचं तिकीट चिपीपर्यंतचं आहे, म्हणून उतरल्या उतरल्या कंपनीच्या माणसाला विचारा: पुढची गाडी तुम्ही देताय का, आणि कुठपर्यंत? उत्तर मिळेपर्यंत स्वतःची टॅक्सी करू नका, नंतर पैसे परत मागणं अवघड जातं. बोर्डिंग पास फेकू नका. चिपीला घ्यायला येणाऱ्यालाही लगेच कळवा.

१७. गणपतीत आणि आंगणेवाडीच्या जत्रेला काय परिस्थिती असते?

गाडी अगदी आधी ठरवा. गणपतीत जिल्ह्यातली प्रत्येक रिक्षा चाकरमान्यांच्या स्टेशन-फेऱ्यांत गुंतलेली असते आणि आंगणेवाडीच्या जत्रेला एसटीच्या गाड्या तिकडे वळवल्या जातात. नेहमीच्या फेऱ्या त्या दिवशी रद्द असू शकतात. आगारात विचारूनच निघा.

१८. बस सुरू झाली तर रिक्षावाल्यांचं पोट मारलं जाणार नाही का?

हा प्रश्न परुळ्याच्या एका रिक्षावाल्यानं मला डोळ्यांत बघून विचारला आणि तो हक्काचा आहे. त्याची रिक्षा कर्जावर आहे. दोन विमानांच्या मध्ये त्याला चार तास सड्यावर उन्हात बसावं लागतं आणि एखाद दिवशी भाडंच मिळत नाही. तो जास्त सांगतो त्यामागे हे रिकामे तास आहेत.

बस कुडाळला जाईल. ती भोगव्याच्या वाडीत, निवतीच्या किनाऱ्यावर, कोचऱ्याच्या घरापर्यंत जाणार नाही. ते काम रिक्षाचंच राहील. बसमुळे प्रवासी वाढले तर जवळची भाडी वाढतील, आणि जवळचं भाडं रिक्षाला जास्त परवडतं, कारण परतीची रिकामी फेरी लहान असते. टर्मिनलवर पाळीनं चालणारा अधिकृत थांबा, सावली, पाणी आणि शौचालय त्यांना मिळालंच पाहिजे. बसची मागणी करताना याच अर्जात ही ओळ घाला. रिक्षावाले सोबत आले तर मागणी टिकते.

वयस्कर आणि चाकाच्या खुर्चीवरच्या प्रवाशांबद्दलही इथेच लिहितो. एसटीच्या पायऱ्या उंच असतात. त्या बदलत नाहीत तोवर त्यांच्यासाठी गाडी आधी ठरवणं हाच मार्ग, आणि विमान कंपनीला खुर्चीची मागणी करताना "गाडीच्या दारापर्यंत" असं सांगायचं.

१९. मी एकटा काय करू शकतो? अर्ज कसा लिहू?

एका पानाचा अर्ज पुरतो. एसटीची मागणी विभाग नियंत्रक, कणकवली यांना लिहा आणि प्रत कुडाळ आगाराला द्या. रस्त्याची मागणी प्र. ९ प्रमाणे ज्याचा तुकडा त्याला. निधीची मागणी जिल्हा नियोजन समितीला, तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. तिन्ही मागण्या एका कागदावर घालू नका, तो कागद तिन्ही टेबलांवरून परत येतो. ग्रामपंचायतीचा ठराव जोडला तर वजन येतं. पोच घ्यायला विसरू नका, शिक्का आणि आवक क्रमांकासकट.

मजकूर असा असू द्या, आपापल्या गावाप्रमाणे बदलून:

"महोदय, परुळे येथे येणारी अमुक वाजताची फेरी चिपी विमानतळाच्या टर्मिनलपर्यंत वाढवावी. विमान उतरण्याची वेळ अमुक आहे, त्यानंतर चाळीस मिनिटांनी गाडी सुटावी आणि कुडाळ रेल्वे स्थानकमार्गे एसटी स्थानकात जावी. फेरी सहा महिने अखंड चालवून मगच भारमान तपासावे. मार्गफलकावर 'विमानतळ' हा शब्द लिहावा. टर्मिनलच्या दारात फेऱ्यांच्या वेळा आणि मंजूर रिक्षाभाडे यांचा फलक लावण्यासाठी विमानतळ व्यवस्थापनास कळवावे. उडान योजनेत विमानतळ जोडणीची जबाबदारी राज्य शासनाने स्वीकारलेली आहे. सोबत ग्रामपंचायतीचा ठराव आणि प्रवाशांच्या सह्या जोडल्या आहेत."

सह्या गोळा करायला टर्मिनलच्या बाहेर उभे राहा, विमान उतरल्यावर. माणूस बॅग घेऊन गाडी शोधत असतो, त्या वेळी तो लगेच सही करतो.